पिवळी खोली, गुणी बाळ

हळद्या हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. घरांना रंग देणाऱ्या त्याच्या जोडीदारांनी ते त्याला ठेवलं होतं, आणि ठेवलेलं नाव खऱ्या नावापेक्षा जास्त चिकटतं तसं ते चिकटलं. कारणही तसंच होतं. मालक पांढरा म्हणाला की हळद्या मान डोलवायचा, मग पांढऱ्यावरून दुधी, दुधीवरून सायीचा, असं करत करत तो मालकाला कधी पिवळ्यावर आणून उभा करायचा ते मालकाला रंगाचा दुसरा हात मारून झाल्यावर कळायचं. तोवर खोली उजळलेली असायची आणि भांडायला तोंड उरलेलं नसायचं.

त्याची सगळी हयात रिकाम्या घरांत गेली. सामान मधोमध ओढून त्यावर चादरी टाकलेल्या, पंखे उतरवलेले, आणि घरचे लोक पाहुण्यांकडे गेलेले. अशा घरात माणूस दिवसभर एकटा राहिला की घर बोलायला लागतं, असं तो म्हणे. खोकला तर भिंत खोकते. चढायची घोडी सरकवली तर शेजारच्या खोलीत कुणीतरी काहीतरी सरकवतं. सुरुवातीला तो वळून बघायचा. पुढे पुढे त्यानं वळणं सोडलं आणि उत्तर द्यायला सुरुवात केली. त्याची बायको म्हणायची, "भिंतींशी दिवसभर गप्पा, आणि घरी आलं की तोंडाला कुलूप."

कामाच्या त्याच्या दोन सवयी होत्या, आणि त्या त्यानं जन्मभर मोडल्या नाहीत. पहिली म्हणजे जुनी भिंत हाती घेतली की कोपऱ्यात तळहाताएवढी जागा खरवडून तो आतले सगळे थर बघायचा. कुणी निळा दिला, कुणी त्यावर गुलाबी चढवला, कुणी घर सोडताना चुना फासून मोकळा झाला. आपल्या आधी इथं कोण राहून गेलं ते बघितल्याशिवाय त्यांना झाकायचं नाही, असं त्याचं म्हणणं. दुसरी सवय रंग ठरवायची. मालकानं खोलीत उभं राहून रंग निवडलेला त्याला चालत नसे. तो रंगाचा तुकडा उचलायचा, मालकाला हाताला धरून उंबऱ्यावर न्यायचा, पांढऱ्या पुठ्ठ्यावर तुकडा ठेवायचा आणि म्हणायचा, "खोलीत प्रत्येक रंग भिंतीचं ऐकून बोलतो. खरं काय ते दारात कळतं." लोक हसायचे, पण ऐकायचे. त्याच्या नजरेचा दबदबाच तसा होता.

लेकीला दिवस गेले तेव्हा जावयाची नुकतीच बदली झाली होती. नव्या गावी तळमजल्यावरचं भाड्याचं घर, पुढं एक खोली, मागं एक खोली, घराचं दार आणि मागच्या खोलीची खिडकी दोन्ही एकाच गल्लीत उघडणारी. जावई कामानिमित्त आठवडा-आठवडा बाहेर. तेव्हा हळद्या आणि त्याची बायको बाळंतपणासाठी तिथं येऊन राहिले. बायकोनं स्वयंपाक ताब्यात घेतला. हळद्यानं मागची खोली बघितली आणि त्याचे हात शिवशिवायला लागले.

खोली पांढरी होती, पण तो पांढरा त्याला काही बरा वाटला नाही. कुणा रंगाऱ्यानं दिलेला नव्हता तो. ब्रश वर, खाली, आडवा, जसा हात जाईल तसा फिरवलेला. बटणांवर पांढरा, खिडकीच्या गजांवर पांढरा, खाली फरशीवर ओघळ. आणि एकच हात, तोही पातळ. भिंत झाकायची नसून तिचं तोंड दाबायचं होतं की काय, असं वाटावं असा. हळद्यानं कोपरा खरवडला. पांढऱ्याखाली पिवळा होता. लिंबासारखा बटबटीत, त्याच्या मते हलक्या दर्जाचा, पण पिवळा. त्याखाली थेट गिलावा.

"आपल्यातलाच कुणीतरी होता," तो बायकोला म्हणाला. "बिचाऱ्याला पिवळा घोटता आला नाही, एवढंच."

मग त्यानं आपला पिवळा घोटला. त्यात तांबड्याचा एक थेंब टाकायची त्याची खुबी होती. त्यामुळे भिंतीवर कोवळं ऊन पडल्यासारखं वाटे, बाहेर ढग असले तरी. लेकीनं पोटावर हात ठेवून दारातूनच बघितलं आणि हसली. पडदेही पिवळेच शिवायचे ठरले.

शेवटचा हात मारताना खिडकीबाहेर एक बाई येऊन थांबली. तिच्या हाताला सहासात वर्षांची एक मुलगी होती. बाई भिंतीकडे एकटक बघत होती. हळद्यानं मान वळवली.

"पुन्हा पिवळा?" बाई म्हणाली.

"पुन्हा म्हणजे?"

हळद्याला वाटलं, घरमालकाच्या नात्यातली असेल. तो मुलीला म्हणाला, "ए बाळ, रंग बघायचाय जवळून?" मुलगी हलली नाही. त्यानं ब्रशचा दांडा गजांवर खणकन वाजवला. पोरं अशा आवाजाला हमखास दचकतात आणि मग हसतात. या मुलीची पापणीसुद्धा लवली नाही. ती भिंतीकडे बघत राहिली, जशी आई बघत होती तशीच, आणि हळद्याच्या मानेवरून काहीतरी गार सरकलं. रिकाम्या घरांत इतकी वर्षं काढली, पण असं कधी झालं नव्हतं. बाईनं मुलीचा हात ओढला आणि दोघी गल्लीत पुढं निघून गेल्या.

समोर जिन्याखाली एका इस्त्रीवाल्याचं टेबल होतं. हळद्यानं त्याला विचारलं, "कोण हो त्या?"

"येतात अधूनमधून," इस्त्रीवाला म्हणाला. "खिडकीपाशी थांबतात आणि जातात. मी आपला कपड्यांत मान घालतो."

नात झाली. दवाखान्यातून घरी पाठवताना तिथल्या सिस्टरनं लेकीला समजावलं होतं की बाळ किंचित पिवळं वाटतंय, पुष्कळ बाळं होतात, तरी दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला आणा. पिवळेपणा वाढला, बाळ दूध घेईना, फार झोपायला लागलं, तर दोन दिवसही थांबू नका. लेक थकलेली होती, तिनं मान हलवली. हळद्या शेजारीच उभा होता. त्यानंही ऐकलं.

बाळ मागच्या खोलीत आलं आणि खोलीचं सोनं झालं. सकाळचं ऊन पिवळ्या पडद्यातून गाळून आत यायचं, भिंतींवर पसरायचं, तिथून बाळाच्या गालावर उतरायचं. आजी रोज तिला त्या खिडकीशी घेऊन बसायची, अंगाला ऊन लागावं म्हणून. जो येई तो म्हणे, काय कांती आहे, सोन्याचं बाळ आहे. हळद्या भिंतीला टेकून उभा राहायचा आणि ही वाखाणणी निम्मी आपली आहे असं समजून मिशीत हसायचा.

आणि बाळ काय गुणी. रडणं म्हणून नाही. पाजायला घेतलं की दोन घोट घेऊन झोपायचं. उठवलं की डोळे अर्धे उघडायचं आणि पुन्हा मिटायचं. आजी लेकीला म्हणाली, "आईवर गेली नाही, तू तर गल्ली डोक्यावर घ्यायचीस." घरात इतकी शांतता होती की भांडं ठेवताना बायकोचा हात आपोआप हळू व्हायचा. पुढच्या खोलीत बसलं की मागच्या खोलीत कुणी आहे असं वाटायचंच नाही. एकदा हळद्या नुसता बघायला गेला आणि उगाचच दारात उभा राहून खोकला. भिंत खोकली. बाळ झोपलेलंच होतं.

दवाखान्यात दाखवायचा दिवस आला. लेकीचे टाके दुखत होते, बाहेर ऊन रणरणत होतं, रिक्षा मिळत नव्हती. ती म्हणाली, "बाबा, पिवळी दिसतेय का हो ही? मला काही कळत नाही."

हळद्या वाकला. नीट बघितलं. कपाळ, गाल, हनुवटी. भिंतीपुढं त्याला ती गोरीपान दिसली.

"छे," तो म्हणाला. "रंग मला कळत नाही तर कुणाला कळतो? चांगली तुकतुकीत आहे. उद्या जाऊ, उन्हाच्या आधी."

उद्याचं परवा झालं. घरातला रंगाचा जाणकार नाही म्हणाला होता, तेव्हा घाई कुणाला होती?

परवाच्या दुपारी हळद्या समोर इस्त्रीला दिलेली बाळाची पांढरी दुपटी आणायला गेला. इस्त्रीवाला गप्पिष्ट माणूस. घड्या घालता घालता म्हणाला, "काका, घरी आजींना सांगा, नात मोठी गुणी आहे. इथं समोर उभा असतो मी दिवसभर, एकदासुद्धा आवाज ऐकला नाही."

"आहेच गुणी," हळद्या म्हणाला.

"ती खोलीच गुणी दिसते. आधीच्या भाडेकरू बाईंचं बाळही असंच होतं. कधी रडलं नाही. आम्ही म्हणायचो, आहे की नाही आत? त्या तुम्हाला दिसल्या की मागे, रंग देताना. खिडकीपाशी येतात त्या."

हळद्यानं दुपट्यांची चळत हातात घेतली होती, ती तशीच राहिली. "बाळ म्हणजे ती मुलगी?"

"तीच. आता शाळेत जाते. बोलत नाही म्हणे. काय झालं कुणास ठाऊक, एका दिवशी बाळाला घेऊन धावत गेल्या, परत आल्या तेव्हा हातात पांढऱ्या रंगाचा डबा होता. खोली फासली आणि घर सोडलं. लोक म्हणतात खोलीच..." त्यानं पुढचं इस्त्रीच्या वाफेत सोडून दिलं.

हळद्या गल्ली ओलांडून घरात आला. बायको पुढच्या खोलीत कणीक मळत होती, लेक अंघोळीला गेली होती. तो मागच्या खोलीत शिरला आणि पहिल्यांदाच त्याला तिथं आपल्या भिंतींची भीती वाटली. चारी बाजूंनी पिवळं. छतावर उतरलेलं पिवळं. स्वतःचे हातसुद्धा पिवळे. मधोमध ते गुणी बाळ, श्वास घेतंय की नाही ते वाकून बघावं लागत होतं. त्यानं गाल चाचपला. पावलाला गुदगुल्या केल्या. बाळानं पाय ओढून घेतला नाही.

खोलीत प्रत्येक रंग भिंतीचं ऐकून बोलतो. हे वाक्य त्यानं किती परक्या माणसांना ऐकवलं असेल.

त्यानं बाळाला उचललं, बाहेर आला, उंबऱ्यावर बसला. गुडघ्यांवर ताजं इस्त्री केलेलं पांढरं दुपटं पसरलं, त्यावर बाळाला ठेवलं आणि अंगावरचं कापड काढलं. दुपारचा स्वच्छ उजेड होता. ओला रंग कितपत वाळला ते बघायला अंगठा दाबतात, तसा त्याचा अंगठा सवयीनं बाळाच्या छातीवर टेकला. रक्त बाजूला सरलं आणि तिथं जे उमटलं ते पिवळं होतं. त्यानं पोटावर दाबलं. पिवळं. मांडीवर, पिंढरीवर, तळपायावर. डोक्यापासून पायापर्यंत एकसारखा, सगळीकडे बसलेला रंग. त्याच्या धंद्यात अशा हाताला उत्तम काम म्हणतात.

समोर इस्त्रीवाला हातातली इस्त्री टेकवून बघत राहिला होता. कुणाच्या तरी सदऱ्याचा जळका वास गल्लीभर पसरला, तेव्हा त्याला भान आलं, आणि इस्त्री तशीच सोडून तो रिक्षा आणायला धावला.

दवाखान्यात सिस्टरनं बाळाकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता आत नेलं. टाचेतून रक्त घेतलं. टोचल्यावरही बाळ नुसतं कुंथलं. थोड्या वेळानं डॉक्टरबाई बाहेर आल्या. लेक बाकावर बसली होती, केस ओले, ओढणी उलटी. हळद्या भिंतीशी उभा होता.

"कावीळ खूप चढली आहे," बाई म्हणाल्या. "पोटात असताना बाळाच्या अंगात जास्तीचं रक्त असतं. बाहेर आल्यावर ते मोडतं आणि त्यातून हा पिवळा पदार्थ तयार होतो. तो बाहेर टाकायचं काम यकृताचं, पण या वयात ते अजून शिकाऊ असतं. म्हणून बरीचशी बाळं थोडी पिवळी होतात आणि आपोआप निवळतात. हिचं तसं नाही. आईचा रक्तगट आणि हिचा जुळत नाही, त्यामुळं रक्त फार भराभर मोडतंय. वर ती दूध पीत नाही. दूध नाही म्हणजे शी नाही, आणि हे पिवळं जातं ते शीतूनच."

"आम्ही रोज ऊन दाखवत होतो," आजी म्हणाली. तिच्या हातावर कणीक वाळली होती.

"खिडकीच्या उन्हावर विसंबून चालत नाही, आजी. ते पुरत नाही, आणि काहीतरी करतोय म्हणून माणूस निर्धास्त होतो. आता तिला निळ्या दिव्याखाली ठेवतोय. त्या उजेडानं कातडीतल्या पिवळ्याचं रूप बदलतं, मग ते अंगातून निघून जातं. रक्तातल्या पिवळ्याचा आकडा उतरला नाही तर रक्त बदलावं लागेल. तेही करतात, घाबरू नका."

"आणि आधीच जास्त चढलं असेल तर?" लेकीनं विचारलं.

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "तर ते मेंदूत शिरतं. बऱ्याचदा आधी कानांवर जातं. ऐकू येईनासं होतं. हिचं तसं झालंय असं मी म्हणत नाही. आज सांगता येणार नाही."

हळद्यानं घसा साफ केला. "बाई, भिंतीच्या रंगानं होतं का असं?"

"भिंतीनं कावीळ होत नाही. पण पिवळ्या खोलीत ती दिसत नाही. म्हणून आमच्या वॉर्डात आम्ही पिवळा रंग कधी देऊ देत नाही. का हो?"

लेकीनं सांगितलं. बाईंना नाही, त्याच्याकडे बघून, अगदी हळू आवाजात. "बाबा, तुम्ही म्हणाला होतात, रंग मला कळतो."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

निळ्या दिव्यांची खोली वॉर्डाच्या टोकाला होती. बाहेर लख्ख दुपार आणि आत तो उजेड, ज्याला दिवस म्हणावं की रात्र तेच कळत नव्हतं. काचेच्या पेट्यांत बाळं उघडी निजलेली, प्रत्येकाच्या डोळ्यांवर पट्टी. हळद्या आत गेला आणि जागच्या जागी थांबला. आयुष्यभर जी नजर त्यानं मिरवली, तिला तिथं काहीच दिसेना. सिस्टरचे ओठ काळे होते. लेकीचा चेहरा राखेचा. त्यानं आपले हात पुढं धरले तर ते मेलेल्या माणसाचे वाटले, आणि नखांत कायमचा बसलेला त्याचा पिवळा तिथं काळाकुट्ट दिसत होता. नातीच्या अंगावर तर कसलाच रंग नव्हता. पट्टीखाली डोळे झाकलेलं ते एवढंसं तोंड उजेडात तरंगत होतं, आणि यंत्राची घरघर तेवढी चालू होती. रिकाम्या घरातही त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

लेक ठरावीक वेळानं बाळाला काढून पाजायची, घेईना तेव्हा वाटी-चमच्यानं दूध घालायची. दिवा थोडा वेळ बंद व्हायचा. असं एकदा दिवा विझला तेव्हा हळद्यानं मान पुढं करून बघितलं आणि पुटपुटला, "कमी वाटतंय आता."

"दिसण्यावर जाऊ नका, काका," सिस्टर म्हणाली. "दिव्याखालच्या कातडीचा भरवसा नसतो. वरून गोरी दिसते आणि आत तसंच असतं. रक्त काय सांगतं ते खरं."

त्यानं मान खाली घातली आणि पुन्हा काही वाटल्याचं सांगितलं नाही.

रक्तानं चांगलं सांगितलं. आकडा आधी अडला, मग हळूहळू उतरायला लागला. रक्त बदलावं लागलं नाही. बाळ दूध ओढायला लागलं. जावई धावतपळत आला, त्यानं सासऱ्याला पाणी आणून दिलं, आणि त्या पाण्यानंच हळद्याला रडू आलं. घरी सोडताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुष्कळ वेळेवर आणलंत, थोडं उशिरा आणलंत. दोन्ही खरं आहे. कानांची तपासणी पुढच्या भेटीत यंत्रावर करू. तोवर मनाला लावून घेऊ नका."

मनाला लावून घेऊ नका म्हणे. घरी आल्यावर बाळाला पुढच्या खोलीत निजवलं, आणि तिथं प्रत्येकजण चोरून परीक्षा घ्यायला लागला. आजी चुटक्या वाजवायची. जावई दार जरा जोरात लावायचा. बाळ कधी हललं असं वाटायचं, कधी नाही. लेक काहीच करायची नाही, बाळाचे कान नुसते हातानं कुरवाळत बसायची. हळद्या तर पायात मोजे घालून वावरू लागला. त्याच्या हातून आवाज व्हायलाच नको होता. आवाज झाला आणि बाळ तसंच राहिलं तर ते त्याला कळेल, आणि कळलं की पुढं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

मागच्या खोलीचे पडदे त्यानं काढले आणि भिंतींना आणि गजांना पांढरा द्यायला घेतला. नीट, पॉलिशपेपर मारून, प्रायमर लावून, पहिला हात वाळवून. पिवळा असा सहजी मरत नाही. पहिल्या हाताखालून तो हळदीच्या डागासारखा वर येत राहिला. हळद्या घोडीवर चढून दुसरा हात मारत होता. सकाळची वेळ होती. खोलीतला उजेड किंचित बदलला, म्हणून त्यानं वळून बघितलं. खिडकीत ती बाई उभी होती, हाताला मुलगी.

यावेळी तो घोडीवरून खाली उतरला.

"आधीचा पांढरा तुम्ही मारला होतात," तो म्हणाला.

"हो. घाईत मारला. ओघळ आले असतील."

"आले होते."

"लोक म्हणाले, खोलीच वाईट," बाई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "मला माहीत होतं तसं नाही. हिला सगळे गुणी म्हणायचे. मीही म्हणायचे. पुढच्या बाळाचं पिवळेपण तरी दिसावं म्हणून पांढरा फासला. मग एक दिवस बघते तर तुम्ही पुन्हा पिवळा देताय."

"मग सांगायचं होतंत, बाई. त्या दिवशी सांगायचं होतंत ना."

"काय सांगणार? परक्याच्या दारात उभं राहून, तुमच्या घरात अजून न झालेल्या बाळाबद्दल?" तिनं मुलीच्या दप्तराचा पट्टा सारखा केला. "आले होते सांगायलाच. तोंड उघडलं नाही. नंतरही येत राहिले, पण तेव्हा तर बाळ झालेलं होतं आणि आवाज येत नव्हता."

हळद्याला तिचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्या रागाला उभं राहायला जागाच मिळाली नाही, कारण तिनं नुसतं तोंड उघडलं नव्हतं, आणि यानं उघडून छे म्हटलं होतं. तो मागं सरला. सरताना त्याचा कोपर घोडीला लागला, आणि वरच्या पायरीवरचा रंगाचा डबा झाकणासकट फरशीवर आदळला.

रिकाम्या खोलीत तो आवाज भिंतीभिंतींवरून फिरला. एक क्षण काहीच झालं नाही. मग पुढच्या खोलीतून बाळानं जो टाहो फोडला तो सगळ्या गल्लीनं ऐकला असेल. घाबरलेला, संतापलेला, श्वास अडकून पुन्हा सुटलेला टाहो. हळद्या रंगाच्या थारोळ्यात मोज्यांसकट उभा होता.

लेक बाळाला उराशी धरून मागच्या खोलीच्या दारात आली. बाळ लालबुंद झालं होतं.

"बाबा," ती म्हणाली. "दचकली. ऐकलं हिनं."

इतक्या दिवसांनी ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली ती ही. त्याला मोठ्यानं हसायचं होतं, तिच्या पायाशी बसायचं होतं. पण त्याच वेळी त्याची नजर खिडकीकडे गेली. मुलगी खिडकीशी उभी होती. तिनं मान वळवलेली नव्हती. डबा पडला तेव्हाही नाही आणि बाळ ओरडलं तेव्हाही नाही. गजावरच्या ओल्या पांढऱ्याला ती एका बोटानं शांतपणे हात लावून बघत होती. हळद्याचं हसू तोंडातच राहिलं.

बाई मात्र मुलीकडे बघत नव्हती. ती डोळे मिटून बाळाचं रडणं ऐकत होती.

"गप्प करू नका तिला," ती लेकीला म्हणाली. "रडू दे."

लेकीनं मान हलवली. तिला काही सांगावं लागलं नाही, मुलीकडे बघूनच तिला सगळं समजलं होतं. तिनं बाळाला थोपटायचा हात थांबवला, आणि सगळे जण ते रडणं ऐकत उभे राहिले. समोर इस्त्रीवाल्यानंही हात थांबवला होता.

मग बाईनं मुलीचा हात धरला. "शाळेला उशीर होतोय हिला," ती म्हणाली आणि दोघी निघाल्या. मुलगी आईबरोबर चालता चालता मागं वळून खिडकीकडे बघत होती. हळद्या गजांपाशी गेला. "ए बाळ," म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याऐवजी त्यानं ब्रश उचलून हात वर केला. मुलीनं आपलं पांढरं बोट वर केलं, आणि वळण येईपर्यंत ते तसंच धरून ठेवलं.